नकुसाचं नाव बदलू या, कागदावरसुद्धा

तुमच्या गावात, वाडीवर, वर्गात किंवा नात्यात नकुसा नावाची कुणी असेल, तर हे आवाहन तुम्हालाच आहे. तिला कुणी नकोशी म्हणत असेल, कुणी नकुशी, कुणी नुसतंच नकू. नाव एकच. पश्चिम महाराष्ट्रात, विशेषतः सातारा जिल्ह्यात, ते कितीतरी घरांत ठेवलं गेलं. राज्याबाहेरच्या अनेकांच्या कानावर ते गेलं ते २००९ साली कलर्स वाहिनीवर सुरू झालेल्या 'लागी तुझसे लगन' या हिंदी मालिकेमुळे. तिच्या नायिकेचं नाव नकुशा होतं. मराठी माणसाला या नावाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शाळेत हजेरी घेताना रोज सकाळी तो भरल्या वर्गात मोठ्याने उच्चारला जातो, आणि ती मुलगी 'हजर' म्हणते.

हे नाव कसं पडतं ते आधी नीट पाहू. पहिली मुलगी झाली की लक्ष्मी आली म्हणतात. दुसरीचंही बारसं होतं. तिसरी किंवा चौथी झाली की घर गप्प होतं, आत्याला बोलावणं जात नाही. मग कुणीतरी, बहुतेक वेळा घरातलं वडीलधारं माणूसच, म्हणतं की हिचं नाव नकुसा ठेवा, म्हणजे पाठीवर मुलगा होईल. समजूत अशी की नाव म्हणजे देवाकडे घातलेलं गाऱ्हाणं: मुली पुरे झाल्या, आता मुलगा दे. म्हणजे ज्या लेकराचं नाव ठेवायचं आहे त्याच्याकडे कुणाचं लक्षच नाही. नाव तिला दिलं, पण बोलणं चाललं आहे तिच्या अजून न जन्मलेल्या भावाबद्दल.

ही चाल एकट्या आपल्या मुलखाची नाही. हरियाणात अशा मुलीला भतेरी म्हणतात, म्हणजे पुष्कळ झाल्या. राजस्थानात धापू, म्हणजे पोट भरलं. तमिळनाडूत तिरुत्तणीजवळच्या नारायणपुरम गावात मुलींची नावं 'वेंडाम' ठेवली गेली. तमिळमध्ये त्याचा अर्थ 'नको'. चीनमध्ये 'झाओदी' नावाच्या असंख्य बायका आहेत: धाकट्या भावाला बोलावून आणणारी. सगळीकडे हिशेब तोच आहे. सगळीकडे होतं म्हणून ते आपल्या घरात चालेल, असं मात्र कुणी म्हणू नये.

नकुसाची बाजू घेणारे एक उत्तर हमखास देतात. जुन्या काळी धोंडू, दगडू, भिकू, केरू, कचरू अशी नावं ठेवतच होते, मग नकुसाचंच एवढं काय? हे उत्तर वरवर पटण्यासारखं आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. ज्या घरात मुलं जगत नसत, पाठोपाठ दोन-तीन दगावलेली असत, तिथे नव्या बाळाला मुद्दाम हलकं नाव देत. दगडाला नजर लागत नाही, उकिरड्यावरचा कचरा कुणी उचलून नेत नाही, भीक मागून मिळालेल्या पोरावर मृत्यूचा डोळा जात नाही, असा तो विचार. कुठे बाळाला शेजारणीच्या ओटीत घालून मूठभर धान्य देऊन परत घ्यायचे. विदर्भातला कवडू याच विचारातून आला. नाव हलकं होतं, पण त्यामागची ओढ पराकोटीची होती. हे मूल जगावं, कुणाच्या नजरेत भरू नये, एवढ्यासाठी आई-बापाने त्याला दगडाआड लपवलं होतं. मुलींनाही तशी नावं मिळाली. हैदराबाद मुक्तिसंग्रामात रझाकारांशी लढलेल्या दगडाबाई शेळक्यांचं नाव मराठवाड्यात आजही आदराने घेतात. धोंडो केशव कर्व्यांना त्यांच्या नावाने कधी मान खाली घालायला लावली नाही.

धोंडू या नावात 'तू राहा' ही विनवणी आहे. नकुसा या नावात 'तू आलीसच कशाला' हा प्रश्न आहे. दोन्हींना एकाच टोपलीत घालणं म्हणजे त्या आयांच्या दुःखाचाही अपमान आणि या मुलींचाही.

त्या जुन्या हलक्या नावांची आणखी एक बाजू आहे, आणि ती लपवणं बरोबर नाही. सगळेच दगडू आणि कचरू आई-बापाच्या मायेतून आले नाहीत. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचं नाव मंगल असावं आणि शूद्राचं तिरस्कार वाटेल असं असावं, असा नियमच सांगितला आहे. गावगाड्याने तो शतकानुशतकं पाळला. चांगलं नाव ठेवलं तरी तोडून, वाकडं करून हाक मारली. कवी दया पवारांचं मूळ नाव दगडू मारुती पवार. १९७८ साली आलेल्या 'बलुतं'मध्ये त्यांनी हा दगडू लपवून ठेवला नाही, त्यालाच समोर बसवून बोलतं केलं. पुढे आंबेडकरी घरांनी आपल्या लेकरांना सिद्धार्थ, गौतम, प्रज्ञा, करुणा अशी नावं दिली, तेव्हा त्यांना ठाऊक होतं की नाव ही साधी गोष्ट नाही. मान मागायचा तर आधी मानाने हाक मारता येईल असं नाव हवं. वस्त्याच्या वस्त्यांनी एका पिढीत आपली नावं बदलून दाखवली. मग एका घराला एका मुलीचं नाव बदलणं जड का जावं?

आता त्या घरातल्या आईकडे बघा. माझ्या मते नकुसा हे नाव मुलीला मिळतं, पण त्याचा मार आईवर असतो. 'हिला मुलगा होत नाही' हे उघड बोलायला लाज वाटते, तेव्हा ते मुलीच्या नावातून दिवसाला पन्नास वेळा बोललं जातं. नकुसा, पाणी आण. नकुसा, गुरं सोड. प्रत्येक हाकेसरशी आईला तिचा कथित गुन्हा ऐकवला जातो. आणि गुन्हा तिचा नाहीच. आईकडून येणाऱ्या बीजात नेहमी एक्स गुणसूत्रच असतं. बापाकडून एक्स आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. बापाच्याही हातात ते नसतं, म्हणून त्यालाही दोष देऊ नका. पण सुनेला टोमणे मारणाऱ्या प्रत्येक सासूला, नणंदेला, भावकीला हे एकदा शांतपणे समजावून सांगा. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ते चित्रासह दिलेलं असतं. घरातल्या नातवाला वाचून दाखवायला सांगितलं तरी चालेल.

साताऱ्यात २०११ साली जे झालं ते सगळ्यांनी लक्षात ठेवण्याजोगं आहे. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने गावोगाव चौकशी करून या नावाच्या मुली शोधल्या. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात मोठा समारंभ झाला आणि २८० हून अधिक मुलींनी नवी नावं घेतली. केसांना पिना लावून, ठेवणीतले कपडे घालून त्या आल्या होत्या. प्रत्येकीला नव्या नावाचं प्रमाणपत्र आणि फुलांचा छोटा गुच्छ मिळाला. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी प्रियंका, कुणी वैशाली. काही जणांनी तेव्हा नाकं मुरडली की पोरींनी सिनेनट्यांची नावं काय घेतली. मला यात काही वावगं वाटत नाही. ज्या मुलीला आयुष्यात कुणी काही निवडू दिलं नव्हतं, तिने स्वतःसाठी पहिल्यांदा काही निवडलं. ते तिला आवडलं, एवढं पुरे. हा तोच जिल्हा, जिथे नायगावला १८३१ साली सावित्रीबाई फुले जन्मल्या. मुलींच्या बाजूने उभं राहायला या मातीला कुणाकडून शिकावं लागत नाही.

पण समारंभाने काम अर्धंच होतं. प्रमाणपत्र भिंतीवर लागतं आणि संध्याकाळी हाक जुनीच येते. म्हणून गावकऱ्यांना पहिली विनंती अशी की नाव बदललं की ते वापरा. चूक झाली तर तिथल्या तिथे सुधारा. मुलीची बहीण, चुलते, दुकानदार, एसटीचा कंडक्टर, सगळ्यांना सांगा. महिनाभर जीभ अडखळेल, मग वळण पडेल.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आजकाल नकुसा नावाच्या लहान मुली फार दिसत नाहीत, म्हणून समाधान मानू नका. हे नाव सोनोग्राफी गावात येण्याच्या आधीपासूनचं आहे. त्या काळात नकोशी मुलगी जन्माला तर यायची. तिला वाईट नाव मिळायचं, पण भाकरीही मिळायची. यंत्र आल्यावर पुष्कळ घरांत तिला नावही मिळालं नाही. महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा १९८८ सालीच केला, देशात सर्वांत आधी. देशाचा कायदा १९९४ मध्ये झाला. तरीही सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या राज्यात २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. म्हणजे नाव कमी झालं, पण नकोसेपण वाढलं, असंही होऊ शकतं. हे उलटवता येतं हेही खरं आहे. दक्षिण कोरियात १९९० साली शंभर मुलींमागे ११६ मुलगे जन्मत होते. २००७ पर्यंत तो आकडा १०६ वर, म्हणजे निसर्गाच्या प्रमाणावर आला. कायदा, मुलींचं शिक्षण, शहरातली नोकरी, म्हातारपणी मुलीकडे राहण्यात कमीपणा न वाटणं, या सगळ्यांनी मिळून ते झालं.

आता कामाचं बोलू.

घरात नुकतीच मुलगी झाली असेल आणि वातावरण बरं नसेल, तर रागाच्या भरात नाव लिहू नका. कायद्याने जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती वेळेत कराच. पण त्या वेळी बाळाचं नाव लिहिलंच पाहिजे असं नाही. नावाशिवाय नोंद होते आणि पुढे एक वर्षापर्यंत विनाशुल्क, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येतं. घर शांत होऊ द्या. बाळ दोन महिन्यांचं होऊन हसायला लागलं की ज्यांनी तोंड फिरवलं होतं तेच नाव सुचवतात. मात्र फार रेंगाळू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मतारखेसाठी जन्म प्रमाणपत्रच आधार धरलं जातं. राज्यात १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. ज्या आईला मुलगी झाली म्हणून बोल लावला जायचा, तिचं नाव आता लेकीच्या नावाला लागून आहे.

जन्मनोंदीत आधीच नकुसा लिहिलं गेलं असेल, तर ग्रामपंचायतीत नुसता अर्ज देऊन ते निघेलच असं धरून चालू नका. कायद्यातली दुरुस्तीची तरतूद मुख्यतः चुकांसाठी आहे. नाव बदलण्याचा रुळलेला रस्ता राजपत्राचा आहे. महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये जुनं नाव आणि नवं नाव छापून येतं. शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे त्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो; स्वतःला जमत नसेल तर जवळच्या सेवा केंद्रात जा. मुलगी अज्ञान असेल तर अर्ज पालकांनी करायचा. राजपत्राची प्रत हातात आली की तिच्या पाच-सहा प्रती काढून ठेवा, कारण पुढे प्रत्येक खिडकीवर ती मागतील: आधार, रेशनकार्ड, बँक, जातीचा दाखला. आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, म्हणून मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंगं आधी कागदावर लिहून, दोघातिघांना दाखवून मग भरा. वेलांटी-उकाराच्या एका चुकीपायी पुढे शिष्यवृत्ती अडकते.

शाळेचं काम सगळ्यांत महत्त्वाचं. मुलगी शाळेत शिकत असतानाच जनरल रजिस्टरमधलं नाव बदलून घ्या. मुख्याध्यापकांना अर्ज द्या, सोबत राजपत्र जोडा. तो शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेने मार्गी लागतो. शाळा सोडल्याचा दाखला एकदा निघाला की जुन्या नोंदीत बदल करणं फार अवघड होतं. दहावीच्या बोर्डाकडे नाव शाळेच्या नोंदीवरूनच जातं आणि मग ते गुणपत्रिकेवर आयुष्यभर राहतं. म्हणून आठवीत, फार तर नववीत हे उरकून टाका.

शिक्षकांना आणि अंगणवाडीताईंना वेगळं सांगावंसं वाटतं, कारण नाव सर्वांत आधी त्यांच्या वहीत लिहिलं जातं. वर्गात अशी मुलगी असेल तर सगळ्यांसमोर तिच्या नावाचा अर्थ विचारू नका, त्यावर भाषण देऊ नका. तिला आणि तिच्या आईला बाजूला घेऊन विचारा की बदलायचं आहे का. कागद बदलायला वेळ लागेल, पण हाक आजपासून बदलता येते. हजेरीपत्रकावर जुनं नाव असलं तरी तोंडाने नवं घ्यायला कुठलाही नियम आड येत नाही. आणि मुलगी म्हणाली की मला हेच नाव ठेवायचं आहे, तर तिचं ऐका. या नावानेच शिकून, कमावून, घर उभं केलेल्या बायका आहेत. ज्यांनी त्याला स्वतःची किंमत मिळवून दिली, त्यांना कुणी दया दाखवायला जाऊ नये. निवड तिची असली पाहिजे, एवढाच मुद्दा आहे.

सरकारकडेही एक मागणं आहे. 'लेक लाडकी' योजनेत १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या, पिवळ्या किंवा केशरी रेशनकार्डाच्या घरातल्या मुलीला टप्प्याटप्प्याने अठराव्या वर्षापर्यंत एकूण १,०१,००० रुपये मिळतात. चांगली योजना आहे, पात्र असाल तर अंगणवाडीताईंकडे अर्ज जरूर द्या. पण तिचे नियम एका-दोन मुलींपुरते आहेत. तिसरी मुलगी त्यात बसत नाही. लोकसंख्येचा विचार मला समजतो, तरी नकुसा होण्याचा धोका सर्वांत जास्त त्या तिसरीलाच असतो. निदान अशा मुलींची राजपत्राची फी माफ व्हावी आणि तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून एकदा शिबिर घेऊन हे सगळे कागद एका जागी करून द्यावेत. साताऱ्यात एका जिल्हा परिषदेला मुली शोधता आल्या, तर बाकीच्यांनाही येतील.

मोठ्या बायकांचं काय, असं कुणी विचारेल. आपल्याकडे पुष्कळ जणींचं हे नाव लग्नात सुटलं. ताटातल्या तांदळावर नवऱ्याने अंगठीने दुसरं नाव लिहिलं आणि माहेरची नकुसा सासरी सुनीता झाली. त्यांना हायसं वाटलं असेल, पण कागदावर दोन नावं राहून गेली आणि आज वारसाच्या, पेन्शनच्या, जमिनीच्या कामात ती आडवी येतात. घरात अशी आई, मावशी, आजी असेल तर तिचे कागद काढून बघा. नाव जुळत नसेल तर राजपत्राचं काम तिच्यासाठीही करून द्या, आणि कुठलं नाव हवं ते तिलाच विचारा. कदाचित तिला सासरचंही नको असेल, तिसरंच एखादं हवं असेल.

आणि नकुसा, हे तू स्वतः वाचत असशील तर तुझ्याशी दोन शब्द. तुला आवडेल ते नाव आजच एका कागदावर लिही, मोठ्याने म्हणून बघ, मैत्रिणीला त्या नावाने हाक मारायला सांग. चार दिवस तसंच राहू दे. बोचत नसेल तर तेच धर. शाळेत असशील तर आई-बाबांना किंवा ज्या बाईंवर तुझा भरवसा आहे त्यांना सांग की मला अर्ज करायचा आहे. अठरा पूर्ण झाली असतील, तर राजपत्राचा अर्ज तुझ्या स्वतःच्या सहीने होतो. त्यासाठी घरात कुणाची परवानगी घ्यावी लागत नाही.